सॉल्व्हंटचा कचरा ड्रममधे नाही, मेथडमधे तयार होतो

एचपीएलसी म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. त्याच्या कॉलमवर, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या नळीवर, एका इंजेक्शनला जातं किती, तर १० ते २० मायक्रोलिटर. सहा इंजेक्शनं धरली तरी ०.१२ मिली. आणि तेवढ्यासाठी आपण करतो काय, तर १०० मिलीच्या फ्लास्कमधे सॅम्पल सॉल्व्हंटमधे, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात, विरघळवतो, त्यातलं ५ मिली पिपेटने काढून ५० मिलीच्या दुसऱ्या फ्लास्कमधे घालतो, मार्कपर्यंत भरतो, त्यातलं दीड मिली व्हायलमधे ओततो आणि उरलेलं, म्हणजे जवळपास सगळंच, संध्याकाळी वेस्टच्या कॅनमधे. आमटीची चव बघायला चमचाभर पुरते, त्यासाठी कोणी पातेलं ओतून देत नाही. लॅबमधे मात्र रोज ओतून देतो आणि मेथडमधे, म्हणजे टेस्टच्या लेखी कृतीत, तसं लिहिलंय म्हणून कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

मी बडोद्यात क्यूसीमधे, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात, काम करते, आणि इतकी वर्षं बघत आलेय की सॉल्व्हंट वेस्ट म्हटलं की चर्चा लगेच ड्रमवर जाते. ड्रमला लेबल आहे का, खाली ट्रे आहे का, रजिस्टर भरलंय का, गाडी कधी येणार. हे सगळं करायलाच हवं, त्यात वाद नाही. पण ड्रम भरला तो का भरला, हा प्रश्न कोणत्याही मीटिंगमधे येत नाही. माझं म्हणणं सरळ आहे की लॅबचा सॉल्व्हंट कचरा किती होणार हे ज्या दिवशी मेथड लिहिली जाते त्या दिवशीच ठरतं, नंतर आपण फक्त त्याची वाहतूक करतो. म्हणून प्रत्येक टेस्ट मेथडच्या पहिल्या पानावर एका सॅम्पलमागे किती मिली सॉल्व्हंट लागतं तो आकडा लिहिणं सक्तीचं करावं, मेथड मंजूर करणाऱ्याने तो आकडा बघून सही करावी, आणि तपासायला येणाऱ्यांनी तो आकडा विचारावा.

बडोद्यात राहणाऱ्याला हा विषय लांबचा म्हणून सोडून देता येत नाही. मकरपुरा, नंदेसरी, पादरा, सावली, वाघोडिया, हालोल, कुठेही जा, औषधाची नाहीतर केमिकलची फॅक्टरी आहे, फॅक्टरी तिथे क्यूसी लॅब आहे, शिवाय पाणी, मसाले, तेल, माती तपासून देणाऱ्या खासगी लॅब वेगळ्या, त्यातल्या काही तर भर वस्तीत. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी इथल्या मराठी घरांतली कितीतरी मुलं-मुली एम.एस. युनिव्हर्सिटीतून केमिस्ट्री करून याच लॅबमधे लागलीत. या गावाचं आणि रसायनशास्त्राचं नातं जुनं आहे, १८९० मधे सयाजीराव महाराजांच्या काळात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली ती प्रोफेसर टी. के. गज्जर यांच्या पुढाकाराने, आणि १९०७ मधे अलेंबिक ही औषध कंपनी उभी राहिली ती गज्जर, प्रोफेसर कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या मेहनतीतून. म्हणजे रसायन हा आपल्याकडे सव्वाशे वर्षांचा पोटापाण्याचा धंदा आहे, त्याचा कचराही आपलाच. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा मही नदीच्या काठच्या फ्रेंच विहिरींतून (नदीच्या वाळूतून गाळलेलं पाणी घेणाऱ्या) येतो, आणि उद्योगांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी पन्नासेक किलोमीटरच्या चॅनलने जाऊन सारोदजवळ त्याच महीच्या मुखाशी खंभातच्या आखातात पडतं. वर नदी, खाली नदी, मधे आपण.

आता आकडे बघू, कारण या विषयात आकड्यांशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

साधा अ‍ॅसे घ्या. ही औषधात मूळ द्रव्य किती आहे ते मोजणारी टेस्ट. दोन स्टँडर्ड (तुलनेसाठी शुद्धता माहीत असलेले नमुने), दोन सॅम्पल, प्रत्येकी १०० मिग्रॅ १०० मिलीमधे आणि मग त्यातलं ५ मिली ५० मिलीमधे. चार वेळा १५० मिली म्हणजे ६०० मिली डायल्युएंट (पातळ करायचं सॉल्व्हंट), एका बॅचच्या एका टेस्टला, आणि यात फ्लास्क खळबळवायला गेलेलं धरलेलं नाही. का १०० मिग्रॅच? बऱ्याच जणांना वाटतं की हे काहीतरी शास्त्र आहे. खरं कारण बहुतेक वेळा तराजू आहे. यूएसपी म्हणजे अमेरिकेची फार्माकोपिया, औषधांच्या कसोट्यांचा ग्रंथ. त्याच्या वजनाच्या नियमात कमीत कमी किती वजन करता येईल याचं गणित दिलंय, तराजू कितीही चांगला असला तरी त्याच्या शेवटच्या अंकाच्या ८२० पटीपेक्षा कमी वजन अचूक धरता येत नाही. चार दशांशाचा तराजू असेल, म्हणजे ०.१ मिग्रॅपर्यंत दाखवणारा, तर ८२ मिग्रॅच्या खाली जाता येत नाही, म्हणून १०० मिग्रॅ, म्हणून १०० मिलीचा फ्लास्क. पाच दशांशाचा तराजू असेल तर तीच मर्यादा ८.२ मिग्रॅवर येते. म्हणजे कधीतरी कोणीतरी जुन्या तराजूवर मेथड डेव्हलप केली, तराजू बदलला, कपाटात पाच दशांशाचा येऊन बसला, रोज वापरलाही जातो, पण फ्लास्क तोच राहिला. मला या एका गोष्टीची सगळ्यात जास्त हळहळ वाटते, कारण यात नवीन मशीन लागत नाही, नवीन संशोधन लागत नाही, फक्त कोणीतरी बसून मेथड परत वाचायला लागते.

मग सरळ १० मिग्रॅ १० मिलीमधे आणि १ मिली १० मिलीमधे करा, ६०० चे ८० होतील, असं कोणी म्हणेल. इतकं सोपं नाही, आणि इथे प्रामाणिक राहायला पाहिजे. ए क्लासच्या १०० मिली फ्लास्कला ०.१ मिलीची सूट असते म्हणजे ०.१ टक्का, १० मिलीच्या फ्लास्कला ०.०२५ मिलीची म्हणजे पाव टक्का, आणि १ मिलीचं पिपेट तर त्याहून वाईट. ज्या अ‍ॅसेची लिमिट ९८ ते १०२ टक्के आहे तिथे ही चूक अंगावर येते. पण मधला रस्ता आहे की! २५ मिग्रॅ २५ मिलीमधे, त्यातलं २ मिली २० मिलीमधे, चार वेळचे मिळून १८० मिली. चूक थोडी वाढते, ती किती वाढते ते कागदावर मांडता येतं, आणि सॉल्व्हंट एक तृतीयांशाच्याही खाली येतं. ज्यांच्याकडे चांगला तराजू आहे त्यांना तर सॉल्व्हंटही वजनाने घालता येतं, मग फ्लास्कच्या मार्कचा प्रश्नच उरत नाही. इम्प्युरिटी, रेसिड्यू, क्लीनिंगचे स्वॅब अशा टेस्टमधे लिमिट सैल असते, तिथे १० मिलीचा फ्लास्क बिनधास्त चालतो.

हे झालं औषधांचं. पाणी आणि अन्नाच्या लॅबमधे तर अजून मोठे आकडे आहेत. पाण्यातली सेंद्रिय प्रदूषकं काढायची जुनी पद्धत म्हणजे एक लिटर पाणी सेपरेटिंग फनेलमधे घ्यायचं आणि तीन वेळा ६०-६० मिली डायक्लोरोमिथेन घालून हलवायचं, एका सॅम्पलला १८० मिली, ब्लँक (कोरा नमुना) आणि स्पाइक (मुद्दाम प्रदूषक घातलेला नमुना) धरले तर अजून त्याच्या पटीत. तेच पाणी सॉलिड फेजच्या, म्हणजे प्रदूषक धरून ठेवणाऱ्या पावडरच्या, कार्ट्रिजमधून किंवा डिस्कमधून सोडलं तर १०-१५ मिलीत काम होतं. सॉक्सलेट हे सॉल्व्हंट सॅम्पलवरून परत परत फिरवणारं उपकरण १८७९ मधलं, दुधातल्या फॅटसाठी काढलेलं, अजून बऱ्याच लॅबमधे चालू आहे, १० ग्रॅम मातीला ३०० मिली सॉल्व्हंट आणि १६ ते २४ तास हीटिंग. कीटकनाशकांसाठी पूर्वीच्या पद्धतींना एका सॅम्पलमागे काही शे मिली अ‍ॅसिटोन, डायक्लोरोमिथेन, पेट्रोलियम ईथर लागायचं, मग २००३ मधे क्वेचर्स नावाची पद्धत आली आणि १० ग्रॅम सॅम्पलला १० मिली अ‍ॅसिटोनायट्राईल, ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, १ ग्रॅम मीठ, हलवा, सेंट्रीफ्यूज करा, थोडी क्लीनअप पावडर घाला, झालं. आणि ही पद्धत जगभर पसरली ती कोणी पर्यावरणाची शपथ घेतली म्हणून नाही, तर ती लवकर होते, स्वस्त पडते, आणि एक माणूस दिवसात जास्त सॅम्पल काढू शकतो म्हणून. उंझाचं जिरं असो की नाशिकची द्राक्षं, निर्यातीच्या रेसिड्यू टेस्टिंगमधे आज हीच चालते. हे मुद्दाम सांगते कारण लॅबमधे अजूनही असं समजतात की सॉल्व्हंट वाचवायचं म्हणजे काम वाढवायचं. बहुतेक वेळा उलटं होतं.

त्याच्याही पुढे लोक गेलेत. १९९० मधे कॅनडात पॉलिशिन यांनी एसपीएमई ही पद्धत आणली, कोटिंग लावलेला एक बारीक फायबर सॅम्पलमधे किंवा वरच्या हवेत धरायचा आणि थेट जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ) यंत्राच्या इंजेक्टरमधे घालायचा, सॉल्व्हंट शून्य. २००६ मधे इराणच्या संशोधकांनी ५ मिली पाण्यासाठी १ मिली अ‍ॅसिटोन आणि फक्त ८ मायक्रोलिटर क्लोरीनवालं सॉल्व्हंट वापरून एक्स्ट्रॅक्शन करून दाखवलं. सगळीकडे हे चालेलच असं नाही, फायबर महाग आहे, तुटतो, मळकं सॅम्पल असेल तर त्रास देतो. पण १८० मिली आणि ८ मायक्रोलिटर यांच्यामधे केवढी जागा मोकळी आहे बघा.

आता त्या १८० मिली डायक्लोरोमिथेनचं पुढे काय होतं, कारण हा भाग कुठल्याच रजिस्टरमधे येत नाही. एक्स्ट्रॅक्ट झालं की ते आटवून १ मिलीवर आणायचं असतं, मेथडच तसं सांगते. म्हणजे १७९ मिली उडवायचं. डायक्लोरोमिथेन उकळतं ४० डिग्रीला. बडोद्यात मे महिन्यात बाहेर ४२-४३ असतं, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कंडेन्सरला लावलेलं, ते पाणीच हाताला गरम लागतं, त्यात वाफ थंड होणार कशी? चिलर असेल तर बरंचसं परत मिळतं, नसेल तर ते फ्यूम हूडमधून वर जातं नाहीतर खोलीतच राहतं, आणि संध्याकाळी वेस्टच्या कॅनमधे जेवढं ओतलं तेवढंच रजिस्टरमधे लिहिलं जातं. कागदावर लॅब स्वच्छ दिसते कारण अर्धा कचरा हवेत गेला. हे ड्रमच्या नियमाने कधीच पकडता येणार नाही, मेथडमधल्या मिलीच्या आकड्याने लगेच पकडता येतं, कारण आत किती गेलं ते माहीत असेल तर बाहेर किती आलं ते विचारता येतं.

आणि ड्रममधे जे पोचतं त्याची गोष्टही फार बरी नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे तो ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, मॅनिफेस्ट (वाहतुकीचं नोंदपत्र) भरून अधिकृत ठिकाणी पाठवायचा, तिथे बहुतेक जाळला जातो. एचपीएलसीचा वेस्ट म्हणजे पाणी, बफरचं मीठ, अ‍ॅसिटोनायट्राईल आणि मिथेनॉल यांची खिचडी, त्यात अर्धं पाणी, ते जाळायला उलट इंधन लागतं. रीसायकल का नाही करत असं बाहेरचे लोक नेहमी विचारतात. फॅक्टरीच्या प्लँटमधे करतात, कारण तिथे एकाच जातीचं सॉल्व्हंट टनाटनाने निघतं. लॅबमधे पंधरा टेस्टचं एकत्र झालेलं असतं, आणि अ‍ॅसिटोनायट्राईल पाण्याबरोबर साधारण ८४ टक्क्यांवर अ‍ॅझिओट्रोप करतं, कितीही डिस्टिल केलं तरी साध्या कॉलमने त्यापुढे शुद्ध होत नाही. क्लोरीनवालं त्यात मिसळलं गेलं तर अजून वाईट, जाळताना हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड तयार होतं, त्यासाठी वेगळी भट्टी आणि वेगळा स्क्रबर. एवढं सगळं मागच्या दाराला उभं करायचं आणि पुढच्या दाराने ६०० मिली चालू ठेवायचं, याला आपल्याकडे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात.

माणसांबद्दलही बोलायला हवं. सॉल्व्हंटच्या जवळ सगळ्यात जास्त वेळ कोण असतं? मॅनेजर नाही, अ‍ॅनालिस्टसुद्धा नाही, जे भाई कॅन उचलून मागच्या शेडमधे नेऊन ड्रममधे रिकामे करतात ते आणि ज्या बेन काचेची भांडी धुतात त्या. हेक्झेनने हातापायाच्या नसांवर परिणाम होतो हे जुनं ज्ञान आहे, त्याऐवजी बऱ्याच ठिकाणी हेप्टेन चालतं. डायक्लोरोमिथेन शरीरात गेलं की त्याचं कार्बन मोनॉक्साईड होतं, अ‍ॅसिटोनायट्राईलचं सायनाईड. अमेरिकेने २०२४ मधे डायक्लोरोमिथेनच्या बहुतेक वापरांवर बंदी आणली, लॅबला सूट दिली पण कामगारांच्या संरक्षणाच्या कडक अटी लावून. आपल्याकडे त्या भाईंना मास्क मिळतो, कधी योग्य, कधी नुसता कापडाचा. मास्क द्याच, पण त्यांच्या हातात जाणारा कॅनच एक तृतीयांश झाला तर ते जास्त मोठं संरक्षण आहे, आणि ते त्यांच्या हातात नाही, मेथड लिहिणाऱ्याच्या हातात आहे.

यावर पहिलं उत्तर क्यूएकडून, म्हणजे दर्जाची हमी देणाऱ्या विभागाकडून, येतं, मेथड व्हॅलिडेटेड आहे (ती अचूक चालते हे तपासून सिद्ध केलंय), हात लावू नका. ही भीती मी समजू शकते. ऑडिटरने विचारलं की फार्माकोपियात १०० मिली आहे तुम्ही २५ का केलं, तर उत्तर देणारा एकटा पडतो. पण यूएसपीच्या जनरल नोटिसेसमधेच लिहिलंय की दिलेली वजनं आणि व्हॉल्युम त्याच प्रमाणात कमी किंवा जास्त घेता येतात, अट एकच, मोजण्याची अचूकता निदान तेवढीच राहिली पाहिजे. म्हणजे दार आधीपासून उघडं आहे, आणि ते कुठपर्यंत उघडं आहे हेही त्याच वाक्यात सांगितलंय. म्हणून तर वर फ्लास्कच्या चुकीचा हिशोब मांडला, आपला तराजू, फ्लास्क आणि पिपेट मिळून एकूण अचूकता टिकते हे दाखवता आलं तर फार्माकोपियाचा आधार आहे, दाखवता आलं नाही तर व्हॅलिडेशन करा. कॉलमचंही तसंच. डिसेंबर २०२२ पासून यूएसपीत क्रोमॅटोग्राफीचा (एचपीएलसी ज्या तंत्रावर चालतं त्याचा) सुधारित चॅप्टर लागू आहे, युरोप आणि जपानच्या फार्माकोपियांशी जुळवून केलेला, त्यात ग्रेडियंट मेथडमधेही (जिथे सॉल्व्हंटचं मिश्रण चालता चालता बदलत जातं) कॉलमची लांबी आणि कणांचा आकार ठरलेल्या मर्यादेत बदलायला परवानगी दिलीय. २५० मिमी ५ मायक्रॉनच्या जागी १५० मिमी ३ मायक्रॉन घेतला तर लांबी भागिले कण हे प्रमाण तेच राहतं, ५०,०००. आणि ४.६ मिमीच्या जागी २.१ मिमी व्यासाचा कॉलम तुमच्या मशीनवर चालत असेल तर फ्लो पाचव्या हिश्श्यावर येतो, मिनिटाला १ मिलीने दिवसरात्र चालणाऱ्या मशीनचे १४४० मिली जाऊन ३०० होतात. किती लॅबमधे हा चॅप्टर छापून भिंतीवर लावलाय? आपण नियम मोडायला घाबरतो ते ठीक, पण नियमाने दिलेली सूट घ्यायलाही घाबरतो.

आणि जिथे खरंच रीव्हॅलिडेशन लागतं तिथे खर्च एकदाच आहे, सॉल्व्हंट रोजचं आहे. पाच दशांशाचा तराजू लाखांत जातो हे मान्य, छोट्या लॅबला ते जड आहे. पण एचपीएलसी ग्रेड सॉल्व्हंट दोनदा विकत घ्यावं लागतं, एकदा बाटली घेताना आणि एकदा ड्रम जाळायला देताना, हे हिशोबाच्या वहीत वेगवेगळ्या पानांवर असतं म्हणून कोणी बेरीज करत नाही. पर्चेस एक डिपार्टमेंट, ईएचएस (पर्यावरण आणि सुरक्षा) दुसरं, क्यूसी तिसरं.

सगळीकडे कमी करता येणार नाही हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. विरघळायला जड असलेलं औषध असेल तर व्हॉल्युम लागतंच. वीस गोळ्या कुटून त्यातली पावडर घेतो तेव्हा २५ मिग्रॅ पावडर सगळ्या बॅचचं प्रतिनिधित्व करेल की नाही याचा विचार आधी करायचा, सॉल्व्हंटचा नंतर. माती, धान्य, पालेभाजी यांत तर हा प्रश्न अजून मोठा, सॅम्पल लहान केलं की निकाल इकडचे तिकडे होतात. फार कमी प्रमाणातलं काही शोधायचं असेल आणि काचेला चिकटणारं असेल तर लहान भांड्यात नुकसान जास्त. म्हणूनच मी असं म्हणत नाही की सरकारने एक कमाल मर्यादा ठरवून सगळ्यांना लावावी. चुकीचा निकाल आला तर ती टेस्ट परत होते, दुप्पट सॉल्व्हंट जातं, आणि वर एखादी खराब बॅच पास होऊन पेशंटपर्यंत पोचण्याचा धोका. आकडा लिहा आणि समर्थन द्या, इतकंच मागणं आहे. १०० मिली लागत असेल तर का लागतं ते दोन ओळीत लिहा. ज्याला लिहिता येणार नाही त्याला कळेल की कारण नाहीच आहे.

दुसरं उत्तर फार ऐकू येतं, अहो फॅक्टऱ्या टनाने सोडतात आणि तुम्ही लॅबच्या मिली मोजताय. यातला राग बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. फॅक्टरीच्या कचऱ्यावर निदान आकडा आहे. १९९२ मधे रॉजर शेल्डन यांनी ई-फॅक्टर मांडला, एक किलो माल काढायला किती किलो कचरा, आणि औषध उद्योगाचा आकडा २५ ते १०० किंवा त्याहून जास्त निघाला. तो आकडा समोर आला म्हणून प्रोसेस केमिस्टना त्याबद्दल प्रश्न विचारता आले, रिकव्हरी, कमी स्टेप, वेगळं सॉल्व्हंट या गोष्टी मीटिंगच्या विषयात आल्या. लॅबला असा आकडा लावलाच गेला नाही. आता साधनं आहेत, सॅम्पल तयार करण्यासाठीच बनवलेलं अ‍ॅग्रीप्रेप नावाचं मोजमाप २०२२ मधे आलं, दहा निकषांवर शून्य ते एक असे मार्क देतं, फुकट वापरता येतं. मी तर म्हणेन त्याच्याही आधी नुसती मिली लिहा, ती कोणालाही समजते. आणि फॅक्टरीला ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट) तरी असतो, वस्तीतल्या दोन खोल्यांच्या लॅबचं सिंक नगरपालिकेच्या गटारालाच जोडलेलं असतं, तिथे धुण्याच्या पाण्याबरोबर जे जाईल ते पुढे कुठे जातं हे बडोद्याच्या माणसाला विश्वामित्री नदीचा पूल ओलांडताना नाकाने कळतं.

लॅबना खरंच जमत नाही का, याचं उत्तर २००८-०९ मधे मिळून गेलंय. अ‍ॅसिटोनायट्राईल तेव्हा सहसा कोणी मुद्दाम बनवत नसे, ते बहुतेक अ‍ॅक्रिलोनायट्राईल बनवताना बाजूला निघायचं. त्या वर्षी मंदीने गाड्यांचं आणि प्लास्टिकचं उत्पादन घसरलं, बीजिंग ऑलिंपिकसाठी चीनमधल्या फॅक्टऱ्या बंद ठेवल्या गेल्या, अमेरिकेत टेक्सासला वादळाने एक प्लँट बंद पडला, आणि अ‍ॅसिटोनायट्राईल बाजारातून जवळपास गायब झालं, भाव कुठल्याकुठे गेले. तेव्हा जगभरच्या लॅबनी काय केलं? मिथेनॉलवर मेथड नेल्या, बारीक कॉलम घेतले, रात्री मशीन उगाच चालू ठेवणं बंद केलं. व्हॅलिडेशन तेव्हाही होतं, ऑडिटर तेव्हाही होते. बाटली मिळेना म्हटल्यावर सगळ्या अडचणी सुटल्या, बाटली परत मिळायला लागली तशा बऱ्याच जणांच्या जुन्या सवयी परत आल्या.

कॉलेजबद्दल थोडं. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला अजून ५० मिलीचे ब्युरेट आणि बाटल्या भरभरून रिएजंट, मुलांच्या हाताला मोठ्या भांड्याची सवय तिथेच लागते. सीओडीची, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायची, टेस्ट बघा, ओपन रिफ्लक्सने २०-५० मिली सॅम्पल घेतलं की त्या प्रमाणात डायक्रोमेट, मर्क्युरिक सल्फेट, सिल्व्हर सल्फेट, म्हणजे पाणी किती घाण आहे हे बघायला आपण पारा आणि क्रोमियमचा कचरा तयार करतो; क्लोज्ड रिफ्लक्सच्या व्हायलमधे तेच काम अडीच मिलीत होतं. हे एम.एस. युनिव्हर्सिटीच्या आणि आसपासच्या कॉलेजांच्या पहिल्या वर्षाला दाखवलं तर चार वर्षांनी तीच मुलं नंदेसरी-पादऱ्याच्या लॅबमधे मेथड लिहायला बसतील तेव्हा १०० मिलीचा फ्लास्क हातात घेण्याआधी थांबतील. अ‍ॅनास्टास आणि वॉर्नर यांनी १९९८ मधे ग्रीन केमिस्ट्रीची बारा तत्त्वं लिहिली त्यातलं पहिलंच हे आहे की कचरा झाल्यावर साफ करण्यापेक्षा होऊच न देणं चांगलं. मुलं ती बारा तत्त्वं पाठ करून मार्क मिळवतात आणि त्याच दुपारी प्रॅक्टिकलमधे त्याच्या उलट करतात, यात मुलांची काही चूक नाही.

तर मागणी कोणाकडे? भारतीय फार्माकोपिया आयोगाकडे, की मोनोग्राफ (एकेका औषधाच्या कसोट्यांचा मजकूर) सुधारताना सॅम्पल प्रिपरेशनचे आकडे आजच्या तराजूप्रमाणे परत बघावेत आणि छोटं व्हॉल्युम घ्यायला हरकत कुठे नाही हे स्पष्ट लिहावं, कारण आपल्या क्यूएला तोंडी सांगून पटत नाही, छापील लागतं. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलकडे, की आयएसओ १७०२५ या लॅबच्या मानकाच्या असेसमेंटमधे निकालाची अनिश्चितता जशी विचारतात तसा मिलीचा आकडाही विचारावा. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, की लॅबच्या वार्षिक हिशोबात किती सॉल्व्हंट विकत घेतलं आणि किती वेस्ट म्हणून गेलं हे दोन्ही एकाच पानावर मागावं. फरक किती आहे ते दिसलं की उडून किंवा सिंकमधून काय गेलं याचं उत्तर लॅबला द्यावं लागेल. छोट्या लॅबना तराजूसाठी स्वस्त कर्ज किंवा सबसिडी द्यायला हरकत नाही, ईटीपीला देतात तशी.

आणि हे सगळं होईपर्यंत थांबायची गरज नाही. तुमच्या लॅबमधे महिन्यात सगळ्यात जास्त वेळा होणारी अ‍ॅसे कोणती ते लॉगबुक बघून काढा, शंभर मेथड उघडू नका, ती एकच उघडा. तराजूची किमान वजनाची मर्यादा त्याच्या कॅलिब्रेशनच्या कागदावर लिहिलेली असते, ती बघा, तेवढ्या वजनाला किती मिलीचा फ्लास्क पुरतो ते काढा, नव्या फ्लास्क-पिपेटच्या चुकीची बेरीज जुन्याच्या शेजारी मांडा, जुन्या आणि नव्या पद्धतीने एकाच बॅचचे सहा-सहा सॅम्पल करून निकाल शेजारी ठेवा, आणि चेंज कंट्रोलचा (मेथड बदलायच्या मंजुरीचा) फॉर्म भरताना कारणाच्या रकान्यात दोन्ही आकडे लिहा, आधी किती मिली, आता किती मिली.